पुलाच्या खांबापाशी गरी टाकताना

होडी नाही म्हणून थांबू नकोस. रायगडातल्या रेवदंडा-साळाव खाडीपुलासारखी जागा असली की खाडीच मासा तुझ्यापर्यंत आणते. आधी तिथी बघ. तिथीची पाऊणपट केलीस की भरतीचा अंदाज येतो, म्हणजे चतुर्थीला साधारण 3 वाजता पूर्ण भरती. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, ओढ फार, गरीला वजन म्हणून लावलेलं शिसं तळाला टिकत नाही. तू भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे कमी भरतीचे दिवस धर.

जिताडा, तांबोशी हे मासे भर धारेत नसतात. खांबाच्या आडोशाला, पाणी मंद फिरतं तिथे दबा धरून असतात. जिवंत कोळंबी लाव, धारेच्या वरच्या अंगाला टाक आणि वाहत वाहत खांबाजवळ येऊ दे. खांबांवर कालवं चिकटलेली असतात, तंगूस (गरीचा नायलॉनचा दोरा) घासला की ब्लेडने कापल्यासारखा तुटतो. माझा पहिला मोठा जिताडा असाच गेला, अजून हळहळतो. म्हणून मासा लागताच ढील देऊ नकोस. अधूनमधून शेवटचा हातभर तंगूस बोटांतून ओढून बघ. खरखरीत लागला तर तेवढा कापून गरी नव्याने बांध.

पुलावर गाड्यांच्या वाटेत उभा राहू नकोस, खाडीच्या काठावरून टाक. आणि शिंगाळा मासा नुसत्या हाताने सोडवू नकोस, त्याचा काटा विषारी असतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेव आणि डॉक्टरकडे जा.