ठाणे ते सीएसएमटी लोकलमध्ये रोज तासभर मान खाली घालून मोबाइल बघते. मान-खांदे त्यामुळेच दुखत असतील का?

हो, बहुतेक त्यामुळेच. डोक्याचं वजन साधारण ५ किलो, पण मान ६० अंशांत वाकवली की मणक्यावरचा भार २७ किलोंच्या आसपास जातो, असा अंदाज आहे. मानेमागचे आणि खांद्यांचे स्नायू तो ताणलेल्या अवस्थेतच पेलत राहतात, म्हणून दाबल्यावर तिथे गाठीसारखं कडक लागतं. पुढून छातीचे स्नायू आखडतात, खांदे आत वळतात. माझा तर घाटकोपर येईपर्यंत उजवा खांदा भरून यायचा. आता मांडीवरच्या बॅगेवर कोपर टेकवून मोबाइल डोळ्यांसमोर धरते, दर स्टेशनला मान वर करते. खूप फरक पडलाय. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल वाटत असेल तर मात्र अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.