आजींनी सांगितलेल्या मुंग्या

"मॅडम, धाकटी झाल्यापासून हा पुन्हा गादी ओली करायला लागलाय. मुद्दाम करतो का हो?" हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. दर वेळी मला ओम आठवतो. (नाव अर्थातच बदललंय.)

ओम तेव्हा आठ वर्षांचा, तिसरीत. चौथ्या वर्षापासून रात्री कोरडा झोपणारा. बहीण दोन-अडीच महिन्यांची झाली आणि याचं सुरू झालं, आधी आठवड्यातून एकदा, मग रोजच. शाळेतून आला की चिडचिड, दप्तर टाकून आडवं होणं. हेवा करतो, हे घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. खरं सांगायचं तर मीही ठरवलं. पहिल्या भेटीत त्याने घराचं चित्र काढलं आणि बाळाला घराबाहेर झाडाखाली ठेवलं. समुपदेशकाला आणखी काय हवं? रोज अर्धा तास फक्त त्याच्यासाठी काढा, कोरड्या सकाळी कॅलेंडरवर चांदणी काढू द्या, असं मी आईला सांगितलं. आणि सातनंतर पाणी कमी द्या, असंही. हा शेवटचा सल्ला आठवला की अजून पोटात गोळा येतो.

आठ दिवसांनी आजी त्याला घेऊन आल्या. बसल्या बसल्या त्याने लिटरची बाटली संपवली, भरून आणली आणि परत तोंडाला लावली. उठला तेव्हा एका हाताने पँट सावरत होता. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक दिसलं.

"उंची वाढतेय ना, म्हणून बारीक झालाय," आजी म्हणाल्या.

"रात्री पाणी मागतो का?"

"मागतो कसला! सूनबाईने बंद केलंय, तर बाथरूमच्या नळाचं चोरून पितो." मग तक्रार करावी तशा म्हणाल्या, "आणि हल्ली त्याच्या चादरीला मुंग्या लागतात हो. मोरीतसुद्धा."

मधुमेह या शब्दात मध आहे, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. ओमची तहान तिथली, गादी तिथली, आणि मी त्याचं पाणी तोडलं होतं.

मी तिथूनच आईला फोन लावला. उद्या सकाळी उपाशीपोटी तपासू, असं त्या म्हणाल्या. मी नको म्हटलं. अशा मुलाच्या बाबतीत उपाशीपोटीची वाट बघायची नसते, बोटातला एक थेंब पुरतो. संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांकडे ग्लुकोमीटरने 436 दाखवलं. अशी लक्षणं असताना केव्हाही तपासलेली साखर 200 आली तरी ती मधुमेहाकडेच बोट दाखवते. लघवीत किटोन होते, म्हणजे साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारी आम्लं. त्याच रात्री दाखल केलं आणि इन्सुलिन सुरू झालं. आणखी काही दिवस गेले असते तर उलट्या, धाप, गुंगी, आणि ते पोट बिघडल्याचं समजून आणखी वेळ गेला असता.

आजी मात्र वेगळ्याच काळजीत. "माझ्या लाडवांनी झालं का?" नाही. टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. त्यात लाडवांचा दोष नाही.

तेव्हा विचारणाऱ्या आईला माझं आता ठरलेलं उत्तर आहे. मूल सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं झोपत होतं आणि पुन्हा सुरू झालं असेल, तर आधी डॉक्टर, मग मी. तहान, वजन, दिवसातून किती वेळा शूला जातो, हे बघा. साखर आणि लघवी त्याच दिवशी तपासा. कधी नुसती बद्धकोष्ठता निघते, कधी लघवीचा संसर्ग. सगळं नीट निघालं तर खुशाल माझ्याकडे या, बाळाबद्दल बोलू. आणि मुद्दाम? झोपेत कुणी मुद्दाम काही करत नाही हो.

ओमचा हेवा खोटा होता असं नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर तो पुन्हा माझ्याकडे आला, पुढच्या चार भेटी त्यावरच गेल्या. पहिल्याच दिवशी पोटावरची सुईची जागा दाखवत त्याने विचारलं, "तिला का नाही टोचत?"