खाडीवर घरटी शोधताना: सुरुवातीला एवढंच

सगळ्यात आधी भरतीची वेळ बघा. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी पोहोचा. पाणी चढतं तसे पक्षी काठाकडे सरकतात. ओहोटीला गेलात तर दूर चिखलात नुसते ठिपके दिसतील. ऊन पाठीवर घ्या. दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरेशी. जास्त पटीची घेण्याची चूक बहुतेक जण करतात, मग हात हलतो आणि उडता पक्षी सापडत नाही.

घरटं शोधत फिरू नका, एका जागी बसून पक्षी बघा. चोचीत गवत किंवा मासा घेऊन तो पुन्हापुन्हा एकाच जागी जातोय? घरटं तिथेच. मातीच्या दरडीतल्या बिळाखाली विष्ठेचा ताजा पांढरा ओघळ असेल, तर बहुधा खंड्याचं बीळ.

टिटवी, चिखल्या (चिखलात फिरणारा छोटा पक्षी), शेकाट्या (लांब लाल पायांचा) उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीची साधारण चार, निमुळती टोकं आत वळलेली, रंग हुबेहूब खड्यांसारखा. पाय पडेपर्यंत कळत नाही, म्हणून मळलेली वाट सोडू नका. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली किंवा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत चालला, तर घरटं जवळच आहे, आल्या वाटेनं लगेच मागे फिरा. उन्हात टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही तिथेच रेंगाळलात तर अंडी भाजतात, शिवाय कावळे टपलेले असतातच.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नका. घरट्याचं ठिकाण कुणाला पाठवू नका.

पहिल्या महिन्यात दहा पक्षी नीट ओळखता आले तरी भरपूर.