वाचक विचारतात: जिंकलेला बॉक्सर रात्रीत हरतो कसा?

प्रश्न: २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमधे विकास कृष्ण जिंकला म्हणून घरात आरडाओरडा केला आम्ही, नंतर कळलं की तो हरलाय. आणि २०१४ ला सरिता देवीने एवढं धुतलं समोरचीला तरी निकाल काही बदलला नाही. नियम फक्त आपल्यालाच का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: राग येणारच, पण दोन्ही केस वेगळ्या आहेत. हौशी बॉक्सिंगमधे रिंगमधला रेफ्री पॉइंट देत नाही, ते काम बाहेर बसलेल्या जजेसचं. रेफ्री फाउल बघतो, वॉर्निंग देतो, आणि तेव्हा एका वॉर्निंगचे समोरच्याला २ पॉइंट मिळायचे. विकासने अमेरिकेच्या एरल स्पेन्सला १३-११ ने हरवलं, अमेरिकेने प्रोटेस्ट केला, व्हिडिओ बघितला तर एकट्या तिसऱ्या राउंडमधे धरून ठेवण्याचे ९ फाउल निघाले, वर दुसऱ्या राउंडमधे गमशील्ड (दातांवरचं रबरी कवच) मुद्दाम थुंकलेलं, म्हणून स्पेन्सला ४ पॉइंट देऊन निकाल १५-१३. कागदावर बरोबर आहे हो, पण मला अजूनही पटत नाही, कारण रेफ्रीने तिथल्या तिथे वॉर्निंग दिली असती तर विकास सावध झाला असता, पुढचे दोन मिनिट वेगळा खेळला असता. चूक रेफ्रीची आणि भोगलं पोराने.

सरिताचं उलट. दक्षिण कोरियातल्या इंचिऑन एशियन गेम्सची सेमीफायनल, समोर कोरियाचीच पार्क जी-ना, आणि तिन्ही जजेसनी पार्कला जिंकवलं. जजने कुणाला किती पॉइंट दिले यावर तेव्हा दाद मागता येत नव्हती म्हणून प्रोटेस्ट फेटाळला. तिने पोडियमवर रडत रडत ब्रॉन्झ पार्कला देऊन टाकलं, तर तिच्यावरच १ वर्षाची बंदी! हे मला सगळ्यात जास्त लागलं.

प्रश्न: रेफ्रीवर कधी कारवाई होते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: होते, लंडनमधेच झाली. जपानचा सातोशी शिमिझू खेळत होता, अझरबैजानचा बॉक्सर तिसऱ्या राउंडमधे ६ वेळा खाली पडला आणि तरी २२-१७ ने तोच विजेता. जपानने प्रोटेस्ट केला, निकाल फिरला, तुर्कमेनिस्तानच्या त्या रेफ्रीला घरी पाठवलं आणि शिमिझूने पुढे ब्रॉन्झ घेतलं. पण निकाल फिरला तो २२-१७ चा हिशोब चुकला म्हणून नाही, रेफ्रीने निदान ३ वेळा तरी काउंट घेऊन (बॉक्सर पडल्यावर आकडे मोजून) मॅच थांबवायला हवी होती म्हणून. पॉइंट देणाऱ्या जजेसना कुणी विचारलं नाही.