रॉक बँडमध्ये पुरुषांच्या मानाने स्त्रिया इतक्या कमी का असतात?

हा प्रश्न मला विचारणाऱ्याने सोबत दोन शक्यताही सुचवल्या आहेत. एक, मुलींना रॉक संगीत मुळातच कमी आवडते. दोन, जड वाद्ये आणि प्रचंड आवाज त्यांना झेपत नाही. मी पुण्यात बेस, म्हणजे खर्जातले सूर देणारी गिटार, वाजवते, बरीच वर्षे शिकवतेही आहे, आणि या दोन्ही शक्यता मला पटत नाहीत. रॉक बँड कसा जमतो, कोणत्या वयात जमतो आणि कोणाच्या घरी जमतो, हे पाहिले की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते, असे माझे मत आहे.

हा प्रश्न गाणाऱ्या स्त्रियांपेक्षा वाजवणाऱ्या स्त्रियांचा आहे, हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण माइक हाती घेतलेली स्त्री रॉकला कधीच परकी नव्हती. वाजवणाऱ्याही होत्या, पण त्यांची दखल फार उशिरा घेतली गेली. सिस्टर रोझेटा थार्प या कृष्णवर्णीय गायिकेने, ‘रॉक अँड रोल’ हे नाव रुळण्याच्या आधीच, चर्चची भक्तिगीते इलेक्ट्रिक गिटारवर अशी काही वाजवली की पुढच्या पिढीतल्या अनेक पुरुष गिटारवादकांनी त्यातून उचलले. त्यांचे निधन १९७३ मध्ये झाले आणि अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना स्थान दिले ते २०१८ मध्ये. कॅरल के यांनी साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये असंख्य गाण्यांना बेस वाजवला, पण स्टुडिओतला वादक श्रोत्याला दिसत नसल्यामुळे हा बेस एका बाईचा आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हते. फॅनी या चार स्त्रियांच्या बँडची पहिली लाँगप्ले १९७० मध्ये एका मोठ्या कंपनीकडून निघाली. तरीही दर दहा वर्षांनी कोणत्या ना कोणत्या मासिकाला ‘आता मुलीही गिटार वाजवू लागल्या’ असा नव्याने शोध लागतोच.

कॅरन कार्पेंटर यांचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते, जरी त्यांचे संगीत रॉकपेक्षा बरेच मवाळ होते. त्या मुळात ड्रमर होत्या, शाळेच्या बँडमध्ये ड्रम शिकल्या होत्या आणि स्वतःला गाणारी ड्रमरच म्हणवून घेत. पण ड्रम सेटच्या मागे बसलेली गायिका प्रेक्षकांना धड दिसत नाही, अशी तक्रार होऊ लागल्यावर त्यांना हळूहळू पुढे आणून माइकसमोर उभे केले गेले आणि मंचावर बऱ्याच गाण्यांसाठी ड्रमवर दुसरा वादक बसू लागला. यात कोणी दुष्टपणा केला असे नाही. बाई मंचावर आहे तर ती दिसली पाहिजे, इतका साधा तो विचार होता, आणि तो साधा असल्यामुळेच त्याच्याशी भांडणे अवघड जाते.

आता बँड जमण्याकडे येते. शास्त्रीय संगीताला गुरू असतो, पियानोला आणि व्हायोलिनला शिक्षक, अभ्यासक्रम आणि परीक्षा असतात, आणि मुंबई-पुण्यात या परीक्षांना बसणाऱ्या मुलींची अजिबात वानवा नाही. रॉकचे तसे नाही. आज रॉकच्याही परीक्षा निघाल्या आहेत, पण बँडमध्ये वाजवणे लोक आजही एकमेकांकडूनच शिकतात. आठवी-नववीतल्या चार मित्रांपैकी एकाच्या थोरल्या भावाकडे गिव्हसन या देशी कंपनीची जुनी गिटार असते, तिच्या तारा फळीपासून इतक्या उंच असतात की बोटांना फोड येतात, आणि त्याच गिटारवर तो भाऊ कोणाला तरी पहिला पॉवर कॉर्ड, म्हणजे रॉकमधली दोन-तीन तारांची सोपी सुरावट एकदम छेडणे, दाखवतो. मग दुसरा मित्र वडिलांच्या मागे लागून अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) आणवतो, तिसऱ्याच्या घराची गच्ची मिळते, चौथ्याला काहीच येत नसते म्हणून त्याला बेस दिला जातो. दोन वर्षे ते अत्यंत वाईट वाजवतात. वाईट वाजवण्याची ही दोन वर्षे, कोणी ऐकत नसताना, हसत-खिदळत, एकमेकांच्या चुका काढत घालवता येणे हेच रॉकचे खरे शिक्षण आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मेरी अ‍ॅन क्लॉसन यांनी १९९० च्या दशकात बॉस्टन परिसरातल्या रॉक वादकांचा अभ्यास करून हेच मांडले, की बहुतेक पुरुषांचा पहिला बँड कुमारवयात, शाळकरी मित्रांमध्ये जमलेला असतो, तर स्त्रिया बँडमध्ये येतात त्या पुष्कळ उशिरा, कॉलेजच्या वयात किंवा त्यानंतर. कुमारवयात मुलगे मुलग्यांशी आणि मुली मुलींशी मैत्री करतात, त्यामुळे मुलग्यांच्या टोळीत मुलीला बोलावणे येत नाही. मुलींच्या टोळीत कोणाकडेच गिटार नसते, म्हणून तिथेही बँड जमत नाही. वीस वर्षांची मुलगी जेव्हा पहिल्यांदा जॅमरूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, पाऊल टाकते, तेव्हा तिच्याच वयाचा मुलगा सहा-सात वर्षे वाजवून बसलेला असतो, आणि हे अंतर सरावाचे आहे हे दोघांनाही उमगत नाही. त्याला वाटते की मुलींना हे जमत नाही, आणि तिलाही तसेच वाटू लागते.

ब्रिटनमध्ये मेव्हिस बेटन यांनी याच सुमारास स्त्री-वादकांच्या मुलाखती घेतल्या; त्या स्वतः ऑक्सफर्डमधल्या एका स्त्रियांच्या बँडमध्ये वाजवत असत. त्यांनी नोंदवलेले अडथळे वाचताना मला ते आपल्याकडचेच वाटले. वाद्यांना पैसे लागतात, सरावाला जागा लागते, रात्री वाहन लागते, आणि वाद्यांच्या दुकानात काउंटरमागचा माणूस बाईला गिऱ्हाईक म्हणून खिजगणतीत धरत नाही. आपल्याकडे यात दिवेलागणीच्या आत घरी येण्याची भर पडते. जॅमरूम स्वस्तात मिळते ती रात्री, कार्यक्रम संपतो तो त्याहून उशिरा, आणि त्यानंतर अँप टेंपोत चढवून, हिशेब करून, पाठीला गिटार लावून दुचाकीवरून घर गाठायचे असते. मुंबईत १९८६ पासून सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाने कितीतरी बँड घडवले, पण धोबी तलावच्या रंगभवनात मंचावर आणि मंचासमोरच्या गर्दीतही मुलगेच मुलगे असत. त्या गर्दीत मोकळेपणाने उभे राहता आले नाही, तर मंचावर आपण उभे आहोत असे स्वप्न मुलीला पडणार तरी कसे?

ज्यांना ही टोळी घरातच मिळाली, त्यांची गोष्ट निराळी आहे. आज जगभर वाजवणारी मुंबईची बेसवादक मोहिनी डे हिचे वडील स्वतः बेसवादक. त्यांनी तिला अगदी लहानपणी वाद्य हाती दिले आणि ती बालवयातच व्यावसायिक वादकांमध्ये वावरू लागली. तिची प्रतिभा वादातीत आहे, परंतु चुकायला आणि विचारायला माणसे घरात होती, रात्री अपरात्रीच्या कार्यक्रमाला सोबत होती, हेही नजरेआड करता येणार नाही.

बेसचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयाच्या कडेने जाते. रॉकमधल्या नावाजलेल्या स्त्री-वादकांची यादी काढली तर तीत बेसवादक डोळ्यांत भरतील इतक्या आहेत: सूझी क्वात्रो, टॉकिंग हेड्सच्या टीना वेमथ, सॉनिक यूथच्या किम गॉर्डन, पिक्सीजच्या किम डील. क्लॉसन यांनाही हेच आढळले. याचे कारण फार काव्यमय नाही. प्रत्येक मुलग्याला सोलो वाजवायचा असतो, बेस कोणालाच नको असतो, त्यामुळे बेसची जागा रिकामी राहते आणि उशिरा आलेल्या माणसाला तीच मिळते. टीना वेमथ यांनी बेस हाती घेतला तोही मित्रांच्या बँडला बेसवादक मिळत नव्हता म्हणूनच. मीही याच दाराने आत आले, आणि मला त्याचा मुळीच पश्चात्ताप नाही; पण ‘स्त्रियांचा स्वभाव साथ देण्याचा, म्हणून त्या बेसकडे वळतात’ असे कोणी गंभीर चेहऱ्याने सांगू लागले की मला हसू आवरत नाही.

आत आल्यावरही काही गोष्टी झिजवत राहतात. एका हॉटेलातल्या कार्यक्रमाच्या साउंडचेकला मी माझ्याच अँपसमोर उभी असताना तिथल्या साउंडवाल्याने माझ्या बेसचा आवाज किती ठेवायचा, हे आमच्या गिटारवादकाला विचारले. गिटारवादकाने माझ्याकडे बोट दाखवले, तेव्हा त्या गृहस्थांनी मला विचारले, “मॅडम, तुम्हाला मॉनिटरमध्ये [मंचावर वादकाला ऐकू यावे म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये] व्होकल [गाण्याचा आवाज] किती देऊ?” मी गात नाही. असे प्रसंग एकेकटे फुटकळ असतात आणि त्यांच्यामुळे कोणी वाजवणे सोडत नाही, पण पुरुष वादकाला जी गोष्ट न मागता मिळते ती दर वेळी नव्याने सिद्ध करावी लागली की माणूस थकतो.

कधी कधी गोष्ट फुटकळ राहत नाही. श्रीनगरमध्ये दहावीतल्या तीन मुलींनी प्रगाश नावाचा बँड काढला आणि डिसेंबर २०१२ मध्ये बँडच्या एका स्पर्धेत त्यांनी वादन केले. त्यांच्यावर समाजमाध्यमांतून धमक्यांचा वर्षाव झाला, तिथल्या मुफ्तींनी त्यांच्याविरुद्ध फतवा काढला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये बँड मोडला. स्पर्धेत मुलग्यांचेही बँड होते. त्यांच्यावर अशी पाळी आली नाही. दुसरीकडे अरुणाचल प्रदेशात २०१० मध्ये सुरू झालेला विनाइल रेकॉर्ड्स हा मुलींचा बँड देशभर वाजवत फिरला. ईशान्येत गिटार ही चर्चमध्ये आणि घराघरात दिसणारी वस्तू आहे, आणि मुलीच्या हातात ती दिसल्याने कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

ताकदीच्या मुद्द्याचे उत्तर पुणेकराने दूर शोधायला जाऊच नये. गणपतीच्या आधी दोनेक महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, तेव्हा तिथे जाऊन पाहावे. चांगली लेस पॉल ही जड समजली जाणारी इलेक्ट्रिक गिटार चार किलोंच्या आसपास भरते; कमरेला बांधलेला ढोल त्याहून कितीतरी जड असतो, दोरी कमरेला काचते, टिपरू धरून तळहाताला घट्टे पडतात, आणि मिरवणुकीत ते ओझे घेऊन तासन् तास वाजवत चालावे लागते. तिथे मुली शेकड्यांनी आहेत. आवाजाचे म्हणाल तर लक्ष्मी रस्त्यावरच्या पथकापुढे माझा अँप कुजबुजतो. मग ढोलाला मुली का आल्या आणि ड्रमला का आल्या नाहीत? पथकात रीतसर नोंदणी होते, आधी काही येत असण्याची अट नसते, सगळे नवखे एकत्र शिकतात, सराव उघड्या मैदानावर ठरलेल्या वेळी होतो, आणि गणपतीचे काम म्हटल्यावर घरातून सहसा आडकाठी होत नाही. यांतली एकही गोष्ट रॉक बँडला लागू नाही. मात्र पथकातही बारकाईने पाहिले तर माझ्या पाहण्यात ताशावर मुली बऱ्याच कमी असतात. ताशा हा पथकाला चालवणारा, हात बसायला वर्षे घेणारा, आणि बहुधा जुन्याने नव्याला खासगीत शिकवलेला प्रकार आहे. तबल्याचे तसेच. हिंदुस्थानी संगीतात गायिकांची मांदियाळी असली, तरी आबान मिस्त्री किंवा अनुराधा पाल यांच्यासारखी तबलावादक स्त्रियांची नावे बोटांवर मोजावी लागतात.

आवडीचा मुद्दा तर आकड्यांनीच निकालात काढला आहे. फेंडर या गिटार कंपनीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नव्याने गिटार शिकू लागणाऱ्यांपैकी निम्म्या स्त्रिया होत्या. म्हणजे गिटार घरात येते आहे, मुलगी खोलीत बसून व्हिडिओ पाहून शिकते आहे, पण खोलीतून बँडपर्यंतचा रस्ता तिच्यासाठी अजून अरुंद आहे. अमेरिकेत पोर्टलंड येथे २००१ मध्ये मुलींसाठी रॉक शिबिर सुरू झाले, त्याने नेमकी हीच जागा हेरली: आठवडाभरात वाद्य धरायचे, बँड जमवायचा, एक गाणे रचायचे आणि शेवटी लोकांसमोर वाजवायचे. असली शिबिरे पुढे अनेक देशांत निघाली.

माझ्या वर्गात मी आता विद्यार्थ्यांना फार काळ एकेकटे वाजवू देत नाही; चार कॉर्ड आले की रविवारी सकाळी मुलगे-मुली मिसळून बँड जमवते, आणि कोणी काय वाजवायचे ते आळीपाळीने बदलते. मुली टिकतात, चांगल्या वाजवतात. गाडे अडते ते दहावीला. त्या वर्षी क्लास सगळ्यांचाच बंद होतो, पण मुलगे परीक्षा संपल्याच्या आठवड्यात परत येतात, कारण मधल्या काळातही ते कोणाच्या तरी गच्चीवर वाजवतच असतात. मुली येतात त्या जूनमध्ये, अकरावीचे प्रवेश मार्गी लागल्यावर, आणि तोवर त्यांच्या बँडने दुसरा बेसवादक घेतलेला असतो. यंदापासून जागा जूनपर्यंत राखून ठेवायची असा नियम मी केला आहे; मुलगे कुरकुर करत आहेत.