मुलगी प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये रमली आहे, पण जेवत नाही. ग्रुप सोडायला सांगू का?

“वाईट संगतीला लागली असती तर सरळ घरी घेऊन आलो असतो, मॅडम. पण ती प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये आहे. आता कुठल्या तोंडानं अडवू?” श्रीरामपूरकडचे एक शिक्षक विचारत होते. लेक पुण्यात होस्टेलवर, बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला. घर चर्चच्या मंडळीतलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. मुलगी कॉलेजातल्या ख्रिस्ती विद्यार्थी गटात जायला लागली तेव्हा आईवडील निश्चिंत झाले होते. मग लेंट आला, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. गटानं चाळीस दिवसांचं चॅलेंज काढलं, आणि तीन-चार आठवड्यांत मुलगी वाळली, फोनवर रडायला लागली, सेशनलमध्ये दोन विषय गेले. (घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न मला दरवर्षी याच दिवसांत कुणी ना कुणी विचारतं. कधी आई विचारते, कधी चर्चचे पाळकसाहेब फोन करतात, कधी गटातलंच एखादं पोर गुपचूप येतं.

आधी चॅलेंज काय होतं ते सांगते. पहाटे पाचला उठून शांतसमय, म्हणजे एकट्यानं बायबलवाचन आणि प्रार्थना. बायबलमधल्या नीतिसूत्रांचा रोज एक अध्याय. पुस्तक 31 अध्यायांचं, त्यामुळे महिन्याभरात संपतं. रोज एक वचन पाठ. इन्स्टाग्राम बंद. बुधवारी आणि शुक्रवारी एक जेवण सोडायचं आणि त्याचे पैसे डब्यात टाकायचे. आठवड्यातून एकदा होस्टेलमधल्या अशा मुलीशी बोलायचं, जिच्याशी कधी बोलणं झालेलं नाही. रात्री दहाला व्हॉट्सॲपवरच्या यादीत आपल्या नावापुढे टिक करायची.

मला ही यादी आवडली, आणि तसं मी वडिलांना सांगितलंही. एकोणिसाव्या वर्षी कुणीतरी आपल्याकडून काही अवघड मागावं अशी मनाला ओढ असते. घरी आपण मार्कांपलीकडे फारसं मागत नाही. काम ठरलेलं, छोटं, शेवटची तारीख माहीत असलेलं आणि सोबतीला चार मित्र, अशा बेतात सवय रुजायला मदत होते. वडील स्वतः संडेस्कूलमध्ये वचनांच्या स्पर्धा जिंकलेले. ते म्हणाले, “आम्हीही पाठांतर केलं, पण असं रडलो नाही.” म्हणजे पाठांतरापलीकडे काहीतरी होतं, आणि तेच शोधायचं होतं.

मुलगी आली ती वही घेऊन. दोनशेपानी वही, पट्टीनं आखलेले सहा रकाने, डाव्या कडेला तारखा. अकराव्या दिवसाच्या ओळीवर कागद खोडरबरानं इतका घासला होता की मागचं पान दिसत होतं. त्या दिवशी तिला पहाटे जाग आली नव्हती. रात्री ग्रुपवर सगळ्यांच्या हिरव्या टिका पडल्या, तशी तिनंही टाकली. “मी देवाच्या नावावर खोटं बोलले,” असं ती इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

पुढचं सगळं त्या एका टिकेच्या भरपाईसाठी होतं. आधी दोन वचनं, मग चार. बुधवार-शुक्रवारचा उपवास रोजचा झाला. प्रार्थनेत मन भरकटलं की पुन्हा “हे आमच्या स्वर्गातील पित्या”पासून सुरुवात. रात्री एक वाजेपर्यंत. रूममेट झोपली की बाथरूममध्ये. आणि गटात तिचं कौतुक होत होतं, कारण यादीत तिचं नाव सर्वांत वर होतं.

इथे मी धार्मिक चर्चा बाजूला ठेवली आणि शरीराकडे वळले. पाळी चुकली होती, प्रॅक्टिकलला उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेआठ. फिजिशियननी उपवास त्याच दिवशी थांबवला. उपवास आणि मुलगी वाळते आहे, एवढं दिसलं की पहिली भेट डॉक्टरांची, समुपदेशकाची दुसरी, हे पालकांना मी निक्षून सांगते. पुन्हापुन्हा प्रार्थना करण्याचा भाग मंत्रचळाच्या आजाराकडे (ओसीडीकडे) जाणारा वाटत होता, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं. त्यांनी औषध न देता थोडे आठवडे पाहू म्हणून सांगितलं.

तिला मी इग्नेशियस लोयोलाची गोष्ट सांगितली. तो कॅथलिक संत आणि आपण प्रोटेस्टंट, म्हणून ती जरा बिचकली, पण ऐकत राहिली. येशूसंघाचा (जेझुइट संघाचा) हा संस्थापक 1522 च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसा इथे राहत होता. आपण पापं नीट कबूल केलीच नाहीत या शंकेनं त्याला पछाडलं. पुन्हा कबुली, पुन्हा शंका. देव सुटका करीपर्यंत खायचं नाही असं ठरवून तो आठवडाभर उपाशी राहिला. शेवटी ज्या धर्मगुरूपुढे तो पापकबुली देई, त्यानंच उपवास सोडायची आज्ञा केली, आणि त्यानं ती पाळली. पुढे त्यानं साधनेची जी पुस्तिका लिहिली, तिच्यात अशा शंकेखोर मनासाठी वेगळ्या सूचना आहेत. त्याच पुस्तिकेत रोजच्या चुकांची खूण करायला आखलेल्या रेघाही आहेत, तिच्या वहीसारख्या. मुलगी प्रथमच हसली. म्हणाली, “म्हणजे एवढ्या मोठ्या संतालाही कुणीतरी ‘जेव’ म्हणावं लागलं.”

कामाची पद्धत साधी होती, पण तिच्यासाठी फार कठीण. रात्रीची प्रार्थना एकदाच. मन भरकटलं तरी “आमेन” म्हणायचं आणि दिवा बंद. पोटात होणारी कालवाकालव सहन करायची, ती पुसण्यासाठी परत सुरुवात करायची नाही. पहिल्या रात्री ती पहाटेपर्यंत जागी होती. काय पुरेसं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार एकाच माणसाकडे द्यायचा असंही ठरलं. तिनं गावच्या पाळकसाहेबांचं नाव घेतलं. त्यांनी फोनवर सांगितलं, “बेटा, तुझा उपवास यंदा फिजिशियननी दिलेली गोळी वेळेवर घेणं एवढाच.” हे माझ्या तोंडून आलं असतं तर तिनं मानलं नसतं.

मग तिच्या संमतीनं गटाचा लीडर भेटला. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, एकवीस वर्षांचा, घाबरून खुर्चीच्या टोकावर बसलेला. “दादा” म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात, आणि त्याला कुणी काही शिकवलेलं नाही. त्याच्यावर मी चिडू शकले नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढायला सांगितला: उपवास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. त्यानं दोनदा वाचलं आणि मग व्हॉट्सॲपवरची ती यादी स्वतःच उघडून बघत राहिला. मी आणखी एक दाखवलं. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, पुनरुत्थानदिनाच्या (ईस्टरच्या) आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ते 46 भरतात. परंपरेनं मधले सहा रविवार वगळले, म्हणून चाळीस. रविवारी उपवास नाही, असं जुन्या मंडळीनंच ठरवून ठेवलं. यांच्या यादीत मात्र रविवारचाही रकाना होता.

त्यानं जे बदललं ते त्याचं श्रेय. टिका गेल्या. दोघादोघींच्या जोड्या झाल्या, आठवड्यातून एकदा चहावर बोलायचं. जेवण सोडण्याऐवजी चहा, रील्स किंवा ऑनलाइन ऑर्डर, ज्याचं त्यानं निवडायचं, आणि आजारी असेल त्यानं काहीच नाही. पुढच्या बैठकीत तो उठून म्हणाला की या आठवड्यात तो स्वतः तीन दिवस पाचला उठलेला नाही. त्यानंतर आणखी चौघं बोलली. खोटी टिक टाकणारी मुलगी एकटी नव्हती. हे तिला तिथे, मित्रांच्या तोंडून कळलं.

वडिलांचा प्रश्न मात्र उरलाच होता: ग्रुप सोडायला सांगू का? त्यांना मी ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या एका मुलाच्या बापाबद्दल सांगितलं. 1729 च्या सुमारास जॉन आणि चार्ल्स या वेस्ली बंधूंभोवती विद्यार्थ्यांचा एक गट जमला. ठरलेल्या वेळी प्रार्थना, आठवड्यातून दोन उपवास, रोज स्वतःला विचारायचे प्रश्न. मेथडिस्ट हे पुढे पंथाचं झालेलं नाव त्यांना तिथेच चेष्टेनं पडलं. विल्यम मॉर्गन हा त्यांच्यातला एक. कैद्यांना भेटायला तुरुंगात जायचं त्यानंच आधी सुचवलं. 1732 मध्ये तो वारला, आणि गटानं उपास करवून मारला अशी आवई उठली. जॉन वेस्लीनं त्याच्या वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं: मुलानं उपवास दीड वर्षापूर्वीच सोडले होते, आणि गट नेमकं काय करतो तेही सगळं मांडलं. पुढे त्याच वडिलांनी धाकट्या मुलाला शिकायला वेस्लीच्याच हाताखाली पाठवलं.

शिक्षक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मी त्या पोराला भेटायला हवं.” मी म्हटलं, भेटा, सर. आणि भेटल्यावर एवढंच विचारा: मध्येच कुणी थांबलं तर तुम्ही काय करता? उत्तरात “आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करतो” एवढंच आलं तर आणखी खोदा. त्याला जेवायला बोलावता का, तो पुढच्या सहलीला असतो का, हे विचारा. चॅलेंजमध्ये दुसऱ्यासाठी करायचं काही आहे की सगळं आपल्याच वहीत, तेही बघा. घरी सांगायचं नाही अशी अट असेल, पैशांचा हिशेब लपवला जात असेल, किंवा आजारपण हा कमी विश्वासाचा पुरावा मानला जात असेल, तर मात्र मुलीला तिथून काढा, आणि लगेच.

ते गेले, भेटले, त्या मुलांना मिसळ खाऊ घालून आले. मुलगी गटातच आहे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीनच्या, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेला ती नाश्ता करून गेली आणि पूर्ण वेळ बसली. अजून काही संध्याकाळी जुनी धाकधूक येते, परीक्षेच्या तोंडावर जास्त. मानसोपचाराच्या औषधाची गरज पडली नाही, पण पडली असती तर घेतली असती, हे तिच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं.

तुमच्या घरी असं काही दिसत असेल, म्हणजे जेवण तुटलं आहे, झोप उडाली आहे, एकच प्रार्थना किंवा कबुली पुन्हापुन्हा चालली आहे, “मी नसलेलंच बरं” असं बोलणं आलं आहे, तर लेंट संपायची वाट पाहू नका. जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. रात्री-अपरात्री बोलायची वेळ आली तर सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास असते, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.