एकांकिका बैलगाडीपासून सुरू कर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझी एकांकिका दोनदा वाचली. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समधल्या दावाओच्या जपानी कैदछावणीतून निसटून मिंदानाओ बेटाच्या जंगलात जपान्यांशी गनिमी काव्याने लढणाऱ्यांना जाऊन मिळालेल्या अमेरिकन सैनिकांची गोष्ट तू निवडलीस, फार बरं वाटलं. पण पडदा उघडताच सुरू होणारा गोळीबार काढ. बैलगाडीपासून सुरू कर.

खरंच बैलगाडी होती. डायस नावाचा वैमानिक कैदेत गाडी हाकायचा. चोरून जमवलेलं सामान त्याच गाडीतून, थोडं थोडं करून, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत जंगलाच्या कडेला पोचलं. तू शेतकऱ्याची लेक. बैल मध्येच अडला की गाडीवानाचा जीव कसा खालीवर होतो ते तुला मी काय सांगू?

४ एप्रिल १९४३, रविवार. दहा अमेरिकन निघाले आणि सोबत दोन फिलिपिनो कैदी वाटाडे. या दोघांना तू एकही वाक्य दिलेलं नाहीस! बेनिग्नो दे ला क्रूझ आणि व्हिक्टोरियो जुमारोंग ही त्यांची नावं, ती संहितेत हवीतच. दलदलीत सगळेच वाट चुकले, कमरेएवढ्या पाण्यातून चालले. इकडे छावणीत मागे राहिलेल्या सोबत्यांनी त्यांच्या पळण्याची शिक्षा भोगली. तेही तुझ्याकडे नाहीत.

मी सातपुड्यातल्या पाड्यावर नवा मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. पावसात जंगलात चुकलो, एका पावरा आदिवासी माणसाने रात्री घरी नेलं. त्याच्या बायकोने डब्याच्या तळाशी हात घालून पीठ खरवडलं. तो आवाज अजून कानात आहे. भाकरी एकच झाली आणि ती माझ्या पुढ्यात आली.

मिंदानाओत फर्टिग या अमेरिकन अधिकाऱ्याच्या गनिमी सैनिकांकडे गोळ्या संपल्या, तेव्हा पडद्यांच्या पितळी दांड्या कापून त्यांनी गोळ्या केल्या. तू ही युक्ती छान रंगवलीस. पण दांडी कुणाच्या तरी घरातली होती ना? या गनिमी सैनिकांना थारा दिल्याचा संशय आला तर जपानी गावं जाळायचे. त्या घरातल्या बाईला रंगमंचावर आण.

आपल्याकडचे भिल्ल पुढारी खाज्या नाईकही आधी इंग्रजांच्या नोकरीत सातपुड्यातला सेंधवा घाट राखायचे. मग तुरुंग भोगला, आणि १८५७ मध्ये उठाव केला. ११ एप्रिल १८५८ च्या आंबापाणीच्या लढाईत भिल्ल बायकाही कैद झाल्या. हे वाचून मगच दुसरा खर्डा लिहायला बस.

तो झाला की इकडे ये. पाड्यावरची ती बाई आता नाही, पण तिची सून त्याच घरात राहते. तिला वाचून दाखवू. मराठी अडलं तिथे मी पावरीत सांगेन.

तुझे,
गुरुजी